घरचा आयएनआर

चि. बाळास,


आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, मोजणारं मीटर घरी आल्यापासून तू रोज सकाळी बोट टोचतोस आणि आकडा जरा सरकला की संध्याकाळच्या अ‍ॅसिट्रॉमचा पाव तुकडा कमी-जास्त करतोस, असं तुझ्या आईकडून कळलं. हे पत्र त्या पाव तुकड्यासाठी आहे.

तुझ्यासारख्या यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाला अ‍ॅसिट्रॉमसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर लागते. बाजारात आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आहेत, मित्र त्यांची नावं सुचवतीलही. यांत्रिक झडपेच्या रुग्णांना त्यांतली डॅबिगॅट्रान देऊन पाहिली, तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. त्यांतल्याच अपिक्साबानची चाचणीही गुठळ्या जास्त झाल्याने मध्येच थांबवावी लागली. ज्या र्‍हुमॅटिक तापाने तुझी झडप खाल्ली, त्याच आजाराच्या साडेचार हजारांवर रुग्णांवर 'इन्व्हिक्टस' ही चाचणी झाली. त्या रुग्णांना यांत्रिक झडप नव्हती, हृदयाचे ठोके अनियमित होते. तिथेही २०२२ मध्ये जुन्याच गोळीवरचे लोक जास्त जगलेले दिसले. म्हणजे जुनी गोळी आणि तिची तपासणी, दोन्ही तुझ्यासोबत राहणार.

या गोळीचं कूळ जाणून घेण्यासारखं आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मॅडिसनला, कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. सोबत मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त होतं. सडक्या क्लोव्हरचा चारा खाऊन त्याची गुरं आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत होती. त्या चाऱ्यातल्या द्रव्याचा माग काढत पुढे वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला विकलं गेलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. अ‍ॅसिट्रॉम त्याच घराण्यातली. कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव. मधली वाट अरुंद. मिट्रल झडपेच्या जागी यांत्रिक झडप असलेल्यांसाठी आयएनआरमध्ये ती साधारण २.५ ते ३.५ अशी धरतात. तुझी नेमकी मर्यादा तुझ्या डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेली असेल, तीच खरी.

आता मुद्द्याचं. ही गोळी रक्तात आधीपासून असलेल्या गोठवणाऱ्या द्रव्यांना हात लावत नाही. यकृत व्हिटॅमिन के वापरून नवी द्रव्यं बनवतं, ते काम ती मंदावते. जुनी द्रव्यं आपोआप संपावी लागतात, आणि त्यातल्या प्रोथ्रॉम्बिनला निम्मं व्हायलाच अडीच-तीन दिवस लागतात. आज बदललेल्या डोसचा पुरता परिणाम उद्या सकाळी मीटरवर दिसूच शकत नाही. गीझरचं गरम पाणी यायला वेळ लागतो म्हणून नळ आणखी पिळणारा जसा शेवटी भाजतो, तसं रोज तुकडे बदलणाऱ्याचं होतं. म्हणून डॉक्टर आठवड्याच्या एकूण मात्रेचा हिशेब करतात आणि आकडा थोडाच हलला असेल तर पुष्कळदा काहीच न बदलता पुन्हा तपासायला सांगतात.

घरी तपासणं चुकीचं नाही, उलट फार चांगलं आहे. जर्मनीत १९८० च्या दशकापासून रुग्णांना हे शिकवलं जातं. आधी वर्ग, सराव, वही, आणि मग डोस ठरवण्याची मुभा. अशा २८ चाचण्या आणि ८,९५० रुग्ण एकत्र पाहणारा आढावा २०१६ मध्ये निघाला. घरी तपासणाऱ्यांत गुठळ्यांचे अपघात सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. मोठे रक्तस्राव मात्र कमी झाले नव्हते. अमेरिकेत २,९२२ माजी सैनिकांत काहींनी दर आठवड्याला घरी तपासलं, काहींनी महिन्यातून एकदा चांगल्या दवाखान्यात; २०१० च्या त्या अभ्यासात पक्षाघात, मोठा रक्तस्राव आणि मृत्यू यांत ठळक फरक दिसला नाही. यावरून वाटतं की गुण नुसत्या यंत्राचा नाही, शिकवणीचा आणि नेमाचा आहे. तुझी शिकवणी अजून झालेली नाही. ती होईपर्यंत डोस डॉक्टरांचा, आकडा तुझा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर आठवड्यातून एक ठरलेला वार पुरे.

हात कोमट पाण्याने धुऊन खडखडीत कोरडे करायचे. बोटावर पाणी किंवा स्पिरिट राहिलं तर आकडा खोटा येतो. टोचायचं बोटाच्या टोकाला, पण बाजूने. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून थांबायचं, बोट पिळत बसायचं नाही, कारण त्याने ऊतींतला द्रव मिसळून रक्त आधीच गोठू लागतं. टोचल्यापासून १५ सेकंदांत एकच भरपूर थेंब स्ट्रिपला लावायचा, वर दुसरा नाही. डबी लगेच बंद. बऱ्याच स्ट्रिप ३० अंशांपर्यंतच टिकतात आणि तुमच्या नागपूरचा मे महिना त्याच्या कितीतरी वर जातो, तेव्हा डबीवरची मर्यादा वाचून तशी जागा शोध. आकडा ४ च्या वर गेला की मीटरवर विसंबू नकोस. त्याच दिवशी शिरेतलं रक्त देऊन खात्री कर आणि डॉक्टरांना फोन लाव.

वहीत तारीख, आकडा आणि डोस असतोच. शेजारी एक रकाना 'काय वेगळं' म्हणून ठेव. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही, असं नको. जुलाब, उपास, कुणी दिलेला काढा, अँटिबायोटिकचा कोर्स, सगळं त्यात लिही. मेट्रोनिडाझोलसारखी साधी वाटणारी गोळीही आयएनआर झपाट्याने चढवते. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घ्यायचं नाही. दात काढायचा असला तरी अ‍ॅसिट्रॉम आपल्या मनाने बंद करायची नाही. डोक्याला मार लागला, शौच काळं झालं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला, एकाएकी दम लागला किंवा झडपेची टिकटिक मंदावली, तर मीटर बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठ.

पुढच्या तपासणीला जाताना मीटर सोबत ने. लॅबमध्ये रक्त दिल्यावर तिथेच बोटही टोच आणि दोन्ही आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखव. तारीख ठरली की कळव, त्या दिवशी मी येईन.

तुझी,
आत्या