सायकलने गुडघे झिजत नाहीत

"डॉक्टर, सायकल सुरू केली आणि गुडघ्यातलं वंगण संपलं." दवाखान्यात हे मी सारखं ऐकतो. नाही हो, संपत नाही! गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवावर ती जगते आणि तो द्रव तिच्यात मुरायला सांधा हलावा लागतो. शिवाय सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट उचलते. म्हणूनच गुडघ्याचा संधिवात असलेल्या कित्येकांना आम्ही मुद्दाम सायकल चालवायला सांगतो.

मग दुखतं कशाने? मुलुंडचे एक चाळिशीतले गृहस्थ आले होते. त्यांच्या ऑफिसने सायकलने येणाऱ्यांना किलोमीटरमागे गुण आणि त्यावर कूपनं द्यायला सुरुवात केली. शाळा सुटल्यापासून सायकलला हात न लावलेले हे गृहस्थ पहिल्याच दिवशी थेट पवईला गेले आणि सुट्टीच्या दिवशी गुण वाढवायला ठाण्याला जाऊन आले. गुडघ्याची वाटी दुखू लागली. मग यूट्यूबवरचा काढा, शेजाऱ्याचं तेल आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या गोळ्या. त्यात रक्तदाबाचा त्रास आधीपासून! तपासलं तर गुडघा धड होता, पोटात मात्र जळजळ आणि रक्तदाब चढलेला. खाली जाऊन त्यांची सायकल पाहिली. सीट लहान मुलाची असावी इतकी खाली.

पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, एवढी सीट उंच हवी. सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. चढावर हलका गिअर टाका. त्या गृहस्थांच्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या, सीट वर घेतली, अंतर कमी केलं. आता ते मजेत जातात.

बक्षिसं द्यावीत, जरूर द्यावीत. फ्रान्सने 2014 मध्ये सायकलने कामावर येणाऱ्यांना किलोमीटरमागे 25 सेंट देऊन पाहिले. बेल्जियममध्ये असा भत्ता रुळलेला आहे. पण ऑफिसवाल्यांनो, नवख्या माणसाला किलोमीटर मोजून नव्हे, दिवस मोजून बक्षीस द्या. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जाऊन-येऊन रोज अर्धा तास सायकल झाली की पाच दिवसांत तो पुरा होतो. घाटकोपरजवळच्या जागृती नगर मेट्रो स्थानकावर 2020 मध्ये भाड्याच्या सायकली आल्या, त्या अशाच छोट्या अंतरासाठी. घर ते स्टेशन, ज्यासाठी आपण शेअर रिक्षाच्या रांगेत ताटकळतो, तिथून सुरुवात करा. ट्रॅफिकमध्ये हेल्मेट हवंच.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखर ठेवा. चाळिशीपुढे रक्तदाब, मधुमेह असेल तर सुरू करण्याआधी तपासून घ्या. गुडघा सुजला, अडकला, चालताना अचानक लचकू लागला, लाल होऊन तापला, तर तेल चोळत बसू नका, दाखवायला या.

आणि चढावर छातीत दडपण आलं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर "ॲसिडिटी असेल" म्हणून सोडा पिऊन पुढे निघू नका. सायकल रस्त्याकडेला सोडा, बसा, 108 ला फोन करा. पेडल मारत माझ्या दवाखान्यात तर मुळीच येऊ नका.