आधी हातावर, मग डोक्यावर
सौंदर्यप्रसाधने घरी कशी तपासून घ्यावीत?



एप्रिल महिना लागला की आपल्या वस्तीचे रूप पालटते. विहाराला रंग लागतो, निळे झेंडे शिवले जातात, पांढऱ्या साड्या इस्त्रीला जातात. त्याच आठवड्यात किराणा दुकानात दोरीला लटकणाऱ्या काळ्या मेंदीच्या पुड्याही भराभर संपतात. जयंतीला चार माणसांत जायचे, तर केस पांढरे कसे दिसू द्यायचे?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील एका ताईंनी १२ एप्रिलच्या रात्री अशीच पुडी कालवून केसांना लावली. १३ तारखेला डोके आणि कानामागचा भाग खाजू लागला. १४ तारखेच्या सकाळी कपाळ सुजून डोळे उघडेनात. मिरवणूक गल्लीतून गेली तेव्हा ताई सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. त्या पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, "पंधरा वर्षं हीच लावतेय, आजपर्यंत कधी काही झालं नाही."

ताईंचे म्हणणे खरे होते. पण हे दुखणे असेच असते. म्हणून या महिन्याचा आरोग्याचा धडा आम्ही रोजच्या वापरातील प्रसाधनांवर घेतला आहे.

नीटनेटके राहणे हा आपला वारसा आहे

कोणी म्हणेल, गरिबाच्या घरात हे नखरे कशाला? आम्हाला तसे वाटत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना वेगळे काढून मार्गदर्शन केले होते. ज्या वेषावरून आणि दागिन्यांवरून अस्पृश्य म्हणून ओळख पटते ते टाकून द्या, स्वच्छ आणि नीट राहा, असे त्यांचे सांगणे होते. तेव्हा केस विंचरणे, चेहरा स्वच्छ ठेवणे, चांगले दिसणे हे आपल्या स्वाभिमानाचे काम आहे.

भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेशही आपण विहारात ऐकतो. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. जी गोष्ट आपण विचाराला लावतो ती दहा रुपयांच्या पुडीला का लावू नये? टीव्हीवरची बाई सांगते, शेजारीण सांगते, दुकानदार सांगतो, म्हणून ती वस्तू आपल्या त्वचेला चालेलच असे नाही.

पहिला धडा : पाकीट वाचा

वस्तू हातात घेतली की पुढचे चित्र बाजूला ठेवा आणि मागची बारीक अक्षरे वाचा. आपल्याला दिसत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. एवढे पाहा :

१. बनवणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक.
२. केव्हा बनवली आणि केव्हापर्यंत वापरता येईल.
३. आत काय काय घातले आहे त्याची यादी.
४. सावधानतेची सूचना.

यापैकी काहीच छापलेले नसेल, साध्या डबीत भरून कोणी विकत असेल, तर ती वस्तू घेऊच नका. ओळखीच्या पार्लरवालीने स्वतः बनवलेली असली तरी नको.

केस काळे करणाऱ्या बहुतेक रंगांत पॅरा-फिनाईलीन-डायअमाइन नावाचे रसायन असते. पाकिटावर ते नुसते 'पीपीडी' असेही लिहिलेले असते. खरी मेंदी म्हणजे मेंदीच्या पानांची हिरवट पूड. ती केसांवर तासन्‌तास ठेवावी लागते आणि तिचा रंग तांबूस, नारिंगी येतो. अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी पुडी केवळ मेंदीची नसते, मग तिच्यावर हिरवे पान काढलेले असो की 'हर्बल' लिहिलेले असो.

दुसरा धडा : केसांच्या रंगाची चाचणी

आपल्या देशाच्या कायद्यानेच अशा रंगांच्या पाकिटावर सूचना छापावी लागते. काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्या, आणि हा रंग भुवयांना व पापण्यांना लावू नका, त्याने आंधळेपण येऊ शकते, असे त्यात सांगितलेले असते. ती सूचना आपण पुडीबरोबर केरात टाकतो.

चाचणी अशी घ्यावी :

• कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची जागा साबण-पाण्याने धुऊन कोरडी करा.
• पाकिटावर सांगितल्याप्रमाणे अगदी चिमूटभर रंग कालवा.
• कापसाच्या बोळ्याने बोटाच्या पेराएवढ्या जागेवर लावा. वाळू द्या. वर पट्टी बांधू नका.
• पाकिटावर २४ तास थांबायला सांगितलेले असते. ही ॲलर्जी पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. म्हणून धुतल्यानंतरही त्या जागेवर लक्ष ठेवा आणि रंग लावण्याआधी पूर्ण दोन दिवस जाऊ द्या.
• मध्येच खाज, आग, लाली, सूज, पुरळ किंवा पाणी भरलेले फोड दिसले तर लगेच धुऊन टाका. तो रंग आपल्यासाठी नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. पंधरा वर्षे चालले, मग आताच का? कारण ॲलर्जी जन्मतःच असते असे नाही. शरीर एखाद्या रसायनाला वर्षानुवर्षे सहन करते आणि एके दिवशी त्याला शत्रू मानू लागते. एकदा असे झाले की ते सहसा जन्मभर राहते, आणि पुढच्या वेळी त्रास आधीपेक्षा जास्त होऊ शकतो. म्हणून चाचणी दर वेळी घ्यायची. पुडी तीच असली तरीही घ्यायची. कंपनी बदलूनही उपयोग नाही, कारण रसायन बहुधा तेच असते.

हा नियम पुरुषांनाही लागू आहे. मिशी आणि दाढी काळी करणाऱ्या भाऊ-दादांचे ओठ आणि गाल सुजलेले आम्ही पाहिले आहेत. डोक्याला जखम, खरूज किंवा फोड असतील तेव्हा रंग लावूच नका. लावताना हातमोजे घाला आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका.

आणखी एक गंभीर गोष्ट. हे रसायन पोटात गेले तर विष आहे. गळा सुजून श्वास अडतो, लघवी काळपट होते, मूत्रपिंडे निकामी होतात. उरलेली पुडी किंवा बाटली मुलांच्या हाती लागेल अशी मोरीत किंवा खिडकीत ठेवू नका. चुकून किंवा रागाच्या भरात कोणी प्यायले तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करून ताबडतोब मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.

तिसरा धडा : क्रीम, ब्लीच आणि स्वयंपाकघरातले लेप

नवीन क्रीम, तेल, शाम्पू किंवा फेसवॉश आणला तर तो थेट चेहऱ्यावर किंवा डोक्यावर नको. क्रीम आणि तेल कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, असे सात ते दहा दिवस लावून पाहा. शाम्पू आणि फेसवॉश त्याच जागी नेहमी लावतो तितका वेळच ठेवून धुवा. काही झाले नाही तर वापरायला हरकत नाही. एका वेळी एकच नवीन वस्तू सुरू करा. तीन वस्तू एकदम लावल्या आणि पुरळ आले, तर दोष कोणाचा हे कळणार कसे?

ब्लीचचीही आधी हातावर चाचणी घ्या. त्यातली पूड अंदाजाने जास्त घालू नका, लिहिलेल्या वेळेच्या पुढे ठेवू नका, आणि सोललेल्या, भाजलेल्या किंवा फोड आलेल्या त्वचेवर तर मुळीच लावू नका.

घरातले ते सगळे निर्धोक, हाही गैरसमज आहे. लिंबाचा रस चोळून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. कोरफडीचे पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो खाज आणतो, तो निथळू द्या आणि आतला पांढरा गरच घ्या. खाण्याचा सोडा त्वचा कोरडी करतो. मुरुमावर टूथपेस्ट लावल्याने आग होते. म्हणून घरचा लेपही आधी हातावर लावून पाहा.

चौथा धडा : चाचणीला न सापडणारे विष

इथे नीट लक्ष द्या. हातावरच्या चाचणीने फक्त ॲलर्जी आणि जळजळ कळते. काही क्रीम अशी असतात की चाचणीत काहीही दिसत नाही, उलट पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो. खरा धोका त्यांचाच आहे. अशा क्रीमच्या बाबतीत पाकीट वाचण्याचा पहिला धडाच आपल्याला वाचवू शकतो.

पहिला प्रकार स्टेरॉइडचा. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे असतात. सोबत कधी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असते. ही औषधे आहेत. डॉक्टरांनी तपासून, ठरावीक दिवसांसाठी द्यायची. पण 'वांगावर चांगली आहे', 'लग्नाआधी लाव, गोरी होशील' असे म्हणून ती मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मागितली जातात आणि दिलीही जातात. महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, चेहऱ्यावर केस वाढतात, ऊन सहन होत नाही. बंद केले की चेहरा पेटतो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. अशा फेऱ्यात कोणी अडकली असेल तर तिला रागावू नका. तिला ट्यूबसह सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात न्या. डॉक्टरांच्या देखरेखीखाली यातून बाहेर पडता येते.

दुसरा प्रकार पाऱ्याचा. पारा त्वचेचा रंग बनू देत नाही, म्हणून चेहरा फिका दिसतो. पण तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडे व मज्जासंस्था बिघडवतो. आपल्या कायद्याप्रमाणे क्रीममध्ये पारा घालायला मनाई आहे, तरी नाव-पत्ता नसलेल्या डब्यांत तो सापडतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांना २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आढळले. त्यातील १५ जणांचा विकार एका दुर्मीळ प्रकारचा निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याची क्रीम वापरल्याचे सांगितले. क्रीम लावणाऱ्या व्यक्तीचे पाय किंवा चेहरा सुजत असेल, लघवीला फार फेस येत असेल, तर क्रीम बंद करून रक्त आणि लघवी तपासून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी अशा डब्यांपासून दूरच राहावे.

रंग हा आजार नाही

२०२० साली 'फेअर अँड लव्हली'चे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. पाकिटावरचा शब्द गेला, पण आपल्या घरातून तो गेला का? 'पोरगी सावळी आहे, स्थळ कसं मिळेल' हे वाक्य बुद्धवंदना होणाऱ्या घरांतूनही आम्ही ऐकतो. आजी, मावशी, आत्या प्रेमानेच बोलतात, पण ती बारा-तेरा वर्षांची मुलगी मुकाट्याने ऐकते आणि खाऊच्या पैशातून पुडी आणते.

वर्ण-श्रेष्ठत्वाची कल्पना नाकारून आपण धम्म स्वीकारला. मग गोरा रंग वरचा आणि काळा खालचा ही उतरंड आपण घरात का ठेवावी? स्वच्छ राहणे स्वाभिमान आहे, पण स्वतःच्या कातडीची लाज बाळगणे म्हणजे त्या उतरंडीला मान देणे आहे. काळी त्वचा निरोगी असू शकते आणि गोरी रोगट. आपण पाहायचे ते आरोग्य.

त्रास झालाच तर

• भरपूर गार पाण्याने धुवा. वर दुसरे काही चोपडू नका.
• चेहरा सुजला, फोड आले, डोळ्यात गेले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
• ओठ, जीभ किंवा गळा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर १०८.
• पाकीट आणि बिल फेकू नका. डॉक्टरांना दाखवा. वस्तू बनावट वाटली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार करा.

महिला मंडळासाठी गृहपाठ

येत्या रविवारी वंदना झाल्यावर प्रत्येकीने घरातली एक पुडी, ट्यूब किंवा डबी विहारात आणावी. शिकलेल्या मुलींनी मागची अक्षरे मोठ्याने वाचावीत. नाव-पत्ता नसलेल्या वस्तू एका बाजूला, चिठ्ठीशिवाय आणलेली औषधे दुसऱ्या बाजूला ठेवावीत. तासाभरात कळेल आपण अंगाला काय काय लावतो ते.

गेल्या वर्षीच्या त्या ताई यंदा पांढऱ्या केसांनीच जयंतीला येणार आहेत. पांढरी साडी, पांढरे केस आणि हातात निळा झेंडा. मिरवणुकीत पुढे चालायचे असे त्यांनी आम्हाला बजावून सांगितले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!