मॅकवर विंडोज : व्हायरसला वाट न ठेवणारी कृती

निपाणीच्या पेढीचा हिशेब टॅलीत, बेळगावच्या छापखान्यातली लग्नपत्रिका श्रीलिपीत आणि सरकारी कन्नड अर्ज नुडीत. घरात मॅक आला तरी ही विंडोजवरची कामं सुटत नाहीत. सुटायची गरजही नाही, मॅकवर विंडोज झकास चालतं. विंडोजचा व्हायरस मॅकओएसवर आपोआप चालत नाही. तो तुमच्या फायलींपर्यंत पोचतो तो दोन्हींत सामायिक ठेवलेल्या फोल्डरमधून, म्हणून आपला सगळा जोर तिथे असेल.

एक निवांत संध्याकाळ काढा. जीएसटीआर-३बीची २० तारीख डोक्यावर असताना मात्र हे काढून बसू नका. मॅकवर निदान १०० जीबी जागा मोकळी हवी आणि जवळ दोन बाहेरच्या हार्डडिस्क हव्यात, एक टाइम मशीनसाठी आणि दुसरी हिशेबाच्या बॅकअपसाठी. मेनूंची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे दिसतील, घाबरू नका.

आधी तयारी

१. सफरचंदाच्या मेनूतलं 'अबाउट धिस मॅक' उघडा. 'चिप'समोर एम१, एम२ असं काही दिसलं, तर तुम्हाला विंडोज ११ची 'आर्म' आवृत्ती लागेल. इंटेल दिसलं तर नेहमीची. इंटेल मॅकवर जुनं विंडोज १० पडून असेल, तर त्याच्यावर विसंबू नका. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

२. एम-चिपचा मॅक असेल तर तुमच्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला फोन करा आणि 'हे विंडोज ११ आर्मवर चालतं का?' असं स्पष्ट विचारा. डोंगल किंवा डिजिटल सहीचं टोकन लागत असेल, तर त्याच्या ड्रायव्हरचंही विचारा. अडतं ते इथेच. सॉफ्टवेअर उघडतं, पण डोंगल ओळखलंच जात नाही. उत्तर 'नाही' आलं, तर त्या कामापुरता एक साधा विंडोज पीसी ठेवा. पैसे घालून मग कळण्यापेक्षा ते बरं.

३. पहिली बाहेरची डिस्क जोडून टाइम मशीनने मॅकचा पूर्ण बॅकअप घ्या.

४. बॅकअप संपला की डिस्क काढून ठेवा.

विंडोज बसवणं

५. पॅरलल्स डेस्कटॉप हे सॉफ्टवेअर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. ते विकत घ्यावं लागतं, पण आधी चाचणीसाठी वापरून बघता येतं. फुकट हवं असेल तर व्हीएमवेअर फ्यूजन आहे. कृतीचा क्रम तोच, मेनू वेगळे. गुगलमधल्या जाहिरातीच्या दुव्यावर क्लिक करू नका.

६. पॅरलल्स उघडा आणि 'इन्स्टॉल विंडोज' दाबा. उतरवणं आणि बसवणं ते स्वतःच करतं. मधेच बंद करू नका.

७. विंडोजचा परवाना मायक्रोसॉफ्टकडून विकत घ्या. कुणी पेनड्राइव्हमध्ये 'ॲक्टिव्हेटर' आणून दिला तर हात जोडा आणि परत द्या. व्हायरस यायची सर्वांत सोपी वाट तीच, क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचंही तेच.

८. विंडोजच्या सेटिंग्जमधून 'विंडोज अपडेट' चालवा. एकदा करून थांबू नका. रीस्टार्ट करा, पुन्हा तपासा, काहीच शिल्लक नाही असं दिसेपर्यंत.

९. विंडोज स्टार्ट मेनूतून 'शट डाउन' करा. नुसती खिडकी बंद केली तर ते झोपतं, बंद होत नाही.

दारं लावणं

घाई कराल ती इथे करू नका. सुरुवातीला पॅरलल्स मॅकवरचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर विंडोजला उघडे करून देतं. सोयीचं आहे, पण फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस विंडोजमध्ये शिरला, तर त्याला मुलांचे फोटोसुद्धा हाताशी सापडतात.

१०. पॅरलल्सच्या 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन 'ऑप्शन्स' आणि मग 'शेअरिंग' उघडा.

११. 'शेअर फोल्डर्स'पुढे 'नन' निवडा.

१२. 'शेअर्ड प्रोफाइल' बंद करा. हे विसरलात तर डेस्कटॉप उघडाच राहतो.

१३. 'ॲप्लिकेशन्स'मध्ये जाऊन विंडोजची ॲप मॅकला देणारी खूण काढा. ती राहिली तर मॅकवर उतरलेली .exe फाइल डबल-क्लिकसरशी विंडोजमध्ये चालू होऊ शकते.

१४. मॅकवर एक रिकामा फोल्डर तयार करा आणि त्याला इंग्रजी अक्षरांत नाव द्या. देवनागरी नाव दिलं तर काही जुनी सॉफ्टवेअर त्या फोल्डरशी अडखळतात.

१५. 'कस्टम फोल्डर्स'मध्ये फक्त हाच फोल्डर जोडा. ये-जा एवढ्यातूनच. फायलींची देवाणघेवाण लागतच नसेल, तर ही पायरी सोडा आणि 'सिक्युरिटी'मधलं 'आयसोलेट विंडोज फ्रॉम मॅक' सुरू करा. तेच सर्वांत भक्कम.

१६. पॅरलल्सच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइसेस' उघडा आणि नवीन यूएसबी 'मॅक'ला जोडायचं ठरवून टाका. डोंगल नंतर हाताने विंडोजला देता येतं.

विंडोजच्या आत

१७. विंडोज चालू करून 'विंडोज सिक्युरिटी' उघडा आणि 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' सुरू आहे ना ते बघा. सोबत येणारा डिफेंडर पुरेसा आहे. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, एकमेकांच्या पायात येतात.

१८. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो', 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करा. 'बिल.pdf' वाटणारी फाइल खरं तर 'बिल.pdf.exe' आहे हे मग लगेच दिसतं.

१९. कामाची सॉफ्टवेअर मूळ सीडीवरून किंवा कंपनीच्या साइटवरून टाका.

२०. 'अकाउंट्स'मध्ये रोजच्या वापरासाठी एक 'स्टँडर्ड' खातं उघडा. ॲडमिनचा पासवर्ड दुकानातल्या पोरांना देऊ नका.

२१. सगळं नीट चालतंय ना बघून 'ॲक्शन्स'मधून स्नॅपशॉट घ्या. नावात तारीख घाला. या क्षणाचं स्वच्छ विंडोज जपलं गेलं, उद्या बिघडलं तर इथेच परत यायचं.

पेनड्राइव्ह आला की

लग्नसराईत दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह येतात, आणि फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस त्यांच्यातूनच फिरतो.

२२. पेनड्राइव्ह मॅकला लावा. विंडोजला देऊ नका.

२३. फोल्डर दिसत नसतील तर कमांड, शिफ्ट आणि टिंब एकदम दाबा. व्हायरसने लपवलेले फोल्डर पुसट दिसू लागतात.

२४. लागणारीच फाइल सामायिक फोल्डरमध्ये घ्या. .exe, .lnk, .scr, .vbs यांना हातही लावू नका, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

हिशेबाचा बॅकअप

२५. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून रोज संध्याकाळी बॅकअप घ्या आणि तो सामायिक फोल्डरमध्ये ठेवा.

२६. लगेच मॅकवरून तो दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर न्या. सामायिक फोल्डरमध्येच राहिला तर व्हायरस त्यालाही खातो.

२७. डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली डिस्क सुरक्षित नसते.

शंका आलीच तर

फायलींची नावं विचित्र झाली, पैसे मागणारी पाटी आली, तर या क्रमाने चला.

२८. पॅरलल्सच्या 'डिव्हाइसेस' मेनूतून विंडोजचं नेटवर्क तोडा.

२९. विंडोज थांबवा. 'शट डाउन' होत नसेल तर 'ॲक्शन्स'मधून 'स्टॉप' दाबा.

३०. खात्यातून पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून १९३०वर फोन करा. उशीर झाला तर रक्कम अडवणं अवघड होतं.

३१. सामायिक फोल्डर मॅकवरून तपासा. बिघडलेल्या फायली उघडू नका, वेगळ्या काढून ठेवा.

३२. स्वच्छ स्नॅपशॉटवर परत जा. स्नॅपशॉटनंतर विंडोजच्या आत केलेलं काम पुसलं जाईल. घाबरू नका, हिशेब पुढच्या पायरीत बॅकअपवरून परत येतो.

३३. कपाटातली डिस्क काढा, बिघाडाच्या आदल्या तारखेचा टॅलीचा बॅकअप निवडा आणि तो परत चढवा.