कवडीचे मोल आणि माणसाचे मोल

‘कवडीमोल’ हा शब्द आपण सहज वापरतो; परंतु कवडी हे एके काळी खरोखरीचे चलन होते, याची जाणीव फारशी उरलेली नाही. म्हणून कुळगावच्या या शाळेत इतिहासाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांच्या हातावर आधी कवडी ठेवतो आणि मग पुस्तक उघडतो. तोच पाठ येथे थोडक्यात मांडत आहोत.

कवडी हे एका समुद्री गोगलगायीचे कवच होय. चलन म्हणून वापरली गेलेली जात लहान, साधारणतः दोन-तीन सेंटिमीटर लांबीची व पिवळसर पांढरी असते. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या उबदार, उथळ पाण्यात, प्रवाळखडकांवरील शेवाळ खाऊन ती जगते. जिवंतपणी तिच्या शरीराचा पातळ पडदा दोन्ही बाजूंनी कवचावर पसरतो. कवचाची चकाकी त्यामुळेच टिकते. लिनियसने 1758 साली तिला शास्त्रीय नाव देताना ‘मोनेटा’, म्हणजे नाणे, हाच लॅटिन शब्द योजला.

ती झिजत नाही, मोजायला सोपी आणि बनावट करायला अवघड. म्हणून ती बाजारात रुळली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) वीस कवड्यांची एक काकिणी आणि चार काकिणींचा एक पण, असे कोष्टक आहे. मालदीव बेटांवरून कवड्या बंगालला जात आणि त्यांच्या मोबदल्यात तांदूळ येई. पुढे युरोपीय व्यापाऱ्यांनी याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या मोजून देऊन माणसे विकत घेतली.

आता आपल्या देशाकडे वळू. पाचव्या शतकाच्या प्रारंभी चिनी भिक्खू फाहियान येथे आला. मथुरेच्या दक्षिणेकडील मध्यदेशाच्या वर्णनात तो सांगतो की, लोक खरेदी-विक्रीसाठी कवड्या वापरतात. त्याच वर्णनात दुसरी नोंद आहे: चांडाळ वस्तीपासून वेगळे राहतात आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवतात, म्हणजे लोकांना दूर सरता यावे. समुद्रातील मृत जीवाच्या कवचाला त्या बाजारात मान होता. जिवंत माणसाला मात्र आपल्या येण्याची वर्दी द्यावी लागत होती.

या नोंदीवरून घाईने निष्कर्ष काढू नये, हेही बाबासाहेबांनीच शिकवले. ‘द अनटचेबल्स’ (1948) या ग्रंथात त्यांनी फाहियानची साक्ष तपासली आणि केवळ चांडाळांच्या उदाहरणावरून अस्पृश्यतेचे अस्तित्व ठरवता येत नाही, असे बजावले. अन्य पुरावे पारखून त्यांनी अस्पृश्यतेचा उगम इ. स. 400 च्या सुमारास ठरवला. या कालनिर्णयाचे महत्त्व मोठे आहे. जिला जन्मकाळ आहे ती रूढी अनादी नाही, ईश्वरदत्तही नाही. ती माणसांनी घातली आणि माणसांनाच मोडता येते.

कवडीचे मोलही माणसांनीच ठरवले होते. व्यवहार बदलले, धातूची नाणी रुळली आणि तीच कवडी क्षुल्लकपणाची खूण झाली. ठरवलेले मोल असे बदलते. माणसाची प्रतिष्ठा मात्र कोणी ठरवून द्यायची वस्तू नव्हे.

तास संपताना आम्ही कवड्या परत घेतो आणि मुलांना एकच प्रश्न घरी नेण्यास सांगतो: कवडीला बाजारात कोणी आणले, आणि माणसाला बाहेर कोणी ठेवले? पालकांनीही तो मुलांसोबत चर्चेला घ्यावा, एवढीच विनंती.