ट्रॅक्टरची लिफ्ट वजन उचलीना तेव्हां

चिखलणीच्या किंवा नांगरटीच्या ऐन हंगामांत जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट वजन उचलीनाशी झाली, म्हणजे बहुतेक सभासद बंधू एकच निदान करतात : पंप गेला. पंपाची किंमत मोठी, तो उतरविण्याची मजुरी निराळी. आणि इतकें करूनही लिफ्ट पूर्वीसारखीच ढिली राहिल्याचीं उदाहरणें आमच्या पाहण्यांत आलीं आहेत.

मुंबईच्या उपनगरांत अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीनाका येथें यंत्रांची दुरुस्ती करणारे पुष्कळ लहान गाळे आहेत. त्यांपैकीं एका गाळ्यांत आम्ही गेलों असतां भिवंडीकडील एका शेतकऱ्यानें आणलेला पंप तपासणीस लावलेला होता. गरम तेलावरही त्यानें पुरता दाब दिला. "पंपांत कांहीं दोष नाहीं, ट्रॅक्टर पाहिला पाहिजे," असें कारागिरानें सांगतांच त्या गृहस्थाचा चेहरा उतरला. पंप काढण्यांत त्यांचे चार दिवस गेले होते आणि रोपें लावणीस आलेलीं होतीं. दोष अखेर लिफ्टच्या दट्ट्यावरील रबरी कड्यांत निघाला. पाना हातीं घेण्यापूर्वी अर्धा तास तपासणी केली असती, तर हे चार दिवस वांचले असते.

ती तपासणी अशी. प्रथम अवजार जमिनीवर टेकवून तेलाची पातळी पाहावी. अवजार वर असतांना कांहीं तेल सिलिंडरांत अडकलेलें असल्यानें पातळी खोटी दिसते. तेल दुधाळ असेल तर त्यांत पाणी शिरलें आहे. चिखलणी करणाऱ्या यंत्रांत हें नेहमींचें होय. तेलाला फेस येत असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढीत आहे. दोन्ही प्रसंगीं तेल बदलावें व जाळी काढून धुवावी. कित्येक लिफ्टा एवढ्यानेंच सुधारतात. फर्ग्युसन पद्धतीच्या जुन्या ट्रॅक्टरांत पंप पी.टी.ओ.च्या दांड्यावर चालतो, तेव्हां पी.टी.ओ.ची मूठ गुंतविलेली आहे ना, हेंही पाहावें. हें सांगण्याचें आम्हांस हसूं येतें, पण या एका मुठीपायीं ट्रॅक्टर ओढून दुरुस्तीस नेल्याचें आम्हांस ठाऊक आहे.

यानंतरची परीक्षा महत्त्वाची. अर्धा तास काम करून तेल गरम होऊं द्यावें, जड अवजार पूर्ण वर घ्यावें आणि इंजिन बंद करावें. अवजार भराभर खालीं आलें, तर तेल सिलिंडरांतून किंवा व्हॉल्व्हमधून निसटत आहे. कारण पंप थांबलेला असतां भार धरून ठेवणें हें पंपाचें काम नव्हे. इंजिन चालूं असतांना वर घेतलेलें अवजार थोड्या थोड्या वेळानें खालीं-वर डुलत असेल, तर तीही याच गळतीची खूण : निसटलेलें तेल पंप पुन्हां भरून देत असतो. याउलट भार धरला जातो, पण गरम झाल्यावर उचलला जात नाहीं, असें असेल तरच पंपाचा किंवा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा संशय घ्यावा. थंड, घट्ट तेल झिजलेल्या फटींतून सहज निसटत नाहीं. गरम, पातळ तेल निसटतें. शेवटचा निवाडा दाबमापक लावूनच करावा, आणि आंकडा यंत्राच्या पुस्तिकेंतील आंकड्याशीं ताडावा.

दाब कमी दिसला म्हणून त्या व्हॉल्व्हचा स्क्रू आवळण्याचा मोह होतो. तो टाळावा. 75 मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर दर चौरस सेंटिमीटरला 150 किलोचा दाब पडला, तर एकूण रेटा साडेसहा हजार किलोंहून अधिक होतो. तो अजून वाढविला तर आधीं कास्टिंग तडकेल.

कडें बदलतांना जुना नमुना बरोबर न्यावा, पण मोजमाप खांचेचें घ्यावें, फुगलेल्या कड्याचें नव्हे. कडें तेलांत टिकणाऱ्या नायट्राइल रबराचेंच मागावें. सिलिंडरांत नखाला लागेल असा ओरखडा असेल तर नवें कडेंही थोड्याच दिवसांत कापलें जाईल. तें नळकांडें आधीं घासून घ्यावें किंवा बदलावें. लिफ्टचें झांकण फार जड असतें, तें साखळीच्या कप्पीनेंच उचलावें. वर घेतलेल्या अवजाराखालीं लांकडाचा ठोकळा दिल्यावांचून कोणींही हात घालूं नये. आणि दाबाखालील नळीची बारीक गळती बोटानें चांचपूं नये. तेलाची धार कातडींत शिरली तर जखम टाचणीएवढी दिसते, तरी त्याच घटकेस रुग्णालयांत गेलें पाहिजे.

जोडणी झाल्यावर रिकामी लिफ्ट दहा-बारा वेळां वर-खालीं करून हवा काढावी, तेलाची पातळी पुन्हां पाहावी आणि मगच नांगर जोडावा.