पोकळ बेहडा कोणाचा?



होळीच्या सुमारास पाचवीतला एक मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, आमच्या राईतला बेहडा पोकळ झालाय. आबा म्हणतात, तोडून सरपण करूया. पोकळ झाड काय कामाचं?"

मी म्हटलं, "त्याच्या ढोलीत कोण राहतं, ते आधी पाहू."

रविवारी आम्ही दोघे गेलो. दुरूनच आगगाडीच्या वाफेच्या इंजिनासारखा भस्-भस् आवाज आला. तो होता महाधनेशाच्या पंखांचा! आपल्याकडे याला कोणी गरुड म्हणतात. पण गरुड शिकार करतो. धनेश मुख्यतः फळे खातो. वड, उंबर ही त्याची आवडती झाडे. हा पक्षी सुमारे १ मीटर लांब असतो. पिवळी बाकदार चोच आणि तिच्यावर टोपीसारखा उंचवटा. याचे ओरडणे तर साऱ्या रानात घुमते.

चोच एवढी मोठी, पण सुतारपक्ष्यासारखे खोड कोरणे त्याला जमत नाही. म्हणून जुन्या झाडाची तयार ढोलीच त्याला लागते. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांचा गर लिंपून तोंड बंद करून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. आत ती १ किंवा २ अंडी घालते. सुमारे ४० दिवसांनी पिल्लू बाहेर येते. या काळात मादीच्या पंखांची पिसे गळतात, त्यामुळे तिला उडता येत नाही. नर गळ्यात फळे भरून आणतो आणि एकेक काढून तिला भरवतो. त्या दिवसांत कोणी नराला मारले, तर आतल्या मायलेकरांना कोण भरवणार?

खाल्लेल्या फळांच्या बिया धनेश दूरदूर टाकतो. त्यांतून नवी झाडे उगवतात. न नांगरता शेती करणारा हा रानातला शेतकरीच!

बेहड्याखाली बियांचा खच पडला होता. आम्ही मूठभर बिया आबांना दाखवल्या. ते म्हणाले, "बरं, पावसापर्यंत राहू दे."

मी म्हटलं, "आबा, हे पाखरू वर्षानुवर्षे त्याच ढोलीत परत येतं. पावसानंतर झाड तोडलंत, तर पुढल्या वर्षी ते कुठे जाईल?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग नातवाला म्हणाले, "कुऱ्हाड माळ्यावर ठेव."

करून पाहा : आपल्या वाडीत ढोली असलेली जुनी झाडे किती आहेत, ते मोजा. झाडाचे नाव वहीत लिहा. ढोलीजवळ मात्र जाऊ नका, दगड मारू नका. लांबून पाहा आणि घरच्यांना सांगा, की पोकळ झाड रिकामं नसतं.