चव्हाट्यावरचा इतिहास : फ्लोरा फाउंटन ते हुतात्मा चौक

चौकासाठी आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, चव्हाटा. चार वाटा जेथे येऊन मिळतात तो चव्हाटा. घरातील गोष्ट सर्वांना कळली म्हणजे ती 'चव्हाट्यावर आली' असे आपण म्हणतो. वाड्यातला चौक घरच्यांचा असतो, पण रस्त्यावरचा चौक कोणा एकाचा नसतो. म्हणूनच सत्ताधीशांना आपली सत्ता मिरवायची असली की ते चौकात पुतळा उभारतात, आणि लोकांना आपले गाऱ्हाणे मांडायचे असले की तेही चौकातच जमतात. एखाद्या शहराचा इतिहास समजून घ्यायचा तर त्याच्या एका चौकाचा नीट अभ्यास करावा, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

प्रस्तुत लेखात मुंबईतील हुतात्मा चौकाचा असा अभ्यास करण्याचा प्रयत्न केला आहे. कोणत्याही स्मारकापुढे उभे राहिल्यावर आपण चार प्रश्न विचारावेत. ते कोणाच्या पैशाने झाले? कोणाच्या गौरवासाठी झाले? लोकांनी त्याचे काय केले? आणि आज ते कोठे आहे? या चार प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की मुका दगड बोलू लागतो.

किल्ल्याचा दरवाजा

आज जेथे हा चौक आहे तेथे एके काळी मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी होती. किल्ल्याला तीन मुख्य दरवाजे होते : दक्षिणेस अपोलो गेट, उत्तरेस बाजार गेट आणि पश्चिमेस चर्चगेट. यांपैकी चर्चगेटमधून आत शिरले की सरळ रस्ता सेंट थॉमस चर्चकडे जाई. हे चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले होते, आणि त्यावरूनच दरवाजाला नाव पडले. दरवाजा गेला, पण नाव पश्चिमेकडे सरकून रेल्वे स्थानकाला चिकटले. रोज लोकलने चर्चगेटला उतरणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की आपण ज्या 'गेट'चे नाव घेतो ते स्थानकापाशी कधीच नव्हते?

१८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैशाचा पूर वाहू लागला. फ्रिअर यांच्याच कारकिर्दीत तटबंदी पाडण्यात आली. कोंडलेले शहर मोकळे झाले आणि दरवाजाच्या जागी चार वाटा एकत्र आल्या. येथे या चौकाचा जन्म झाला.

फुलांची देवी

चौकातील कारंजे १८६४ मध्ये घडविले गेले. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची व वसंताची देवी. तिची मूर्ती शिखरावर असल्याने कारंजाला तिचे नाव मिळाले. रेखाटन रिचर्ड नॉर्मन शॉ यांचे आणि शिल्पकाम जेम्स फॉर्सिथ यांचे. दोघेही ब्रिटिश. दगडसुद्धा आपला नव्हे, इंग्लंडमधून आणलेला पोर्टलंडचा.

आता पहिला प्रश्न विचारू. पैसा कोणाचा? कारंजाचा एकूण खर्च सुमारे ४७,००० रुपये झाला, आणि त्यांपैकी २०,००० रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. योजना पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान संस्थेची होती. म्हणजे मूर्ती रोमची, दगड इंग्लंडचा आणि पैशाचा मोठा वाटा मुंबईकराचा, असा हा संगम आहे. परके म्हणून आपण ज्यांच्याकडे पाहतो त्या कित्येक वास्तूंची हीच कथा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक रंजक आहे. हे कारंजे मुळात या चौकासाठी नव्हतेच. ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवायचे होते आणि त्याला गव्हर्नर फ्रिअर यांचे नाव द्यायचे होते. पुढे बेत बदलला. जागा बदलली आणि नावही बदलले. गव्हर्नरसाहेबांचे नाव मागे पडून फुलांच्या देवीचे नाव लोकांच्या तोंडी बसले. ही साधी वाटणारी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, ती कशी ते यथावकाश पाहू.

राणीचा पुतळा

कारंजापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर, तारकचेरीजवळ, १८७२ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा भव्य संगमरवरी पुतळा उभा राहिला. शिल्पकार मॅथ्यू नोबल. अनावरण व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या हस्ते झाले. हा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांनी दिलेला होता. अनावरणाच्या वेळी मात्र महाराज हयात नव्हते, १८७० मध्येच त्यांचे निधन झाले होते. राणी सिंहासनावर बसलेली, वर नक्षीदार छत्र. येणाऱ्याजाणाऱ्याने मान वर करून पाहावे आणि राज्य कोणाचे आहे हे ध्यानात ठेवावे, हाच त्याचा हेतू.

लोकांनी त्याचे काय केले? १८९६ मध्ये एके रात्री दामोदर व बाळकृष्ण या चापेकर बंधूंनी या पुतळ्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. सरकार खडबडून जागे झाले. संगमरवरावरचे डाग काही केल्या निघेनात. शेवटी त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञ प्राध्यापकांनी ते काढून दाखविले आणि त्यांची ख्याती झाली. डांबर कोणी फासले हे मात्र तेव्हा कळले नाही. पुढच्याच वर्षी, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर चापेकर पकडले गेले आणि तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांनी हे कृत्य नोंदविले.

एकाच दगडावर एका हिंदी माणसाने डांबर फासले आणि दुसऱ्या हिंदी माणसाने विद्येच्या बळावर ते पुसले. एकाला देशद्रोही किंवा दुसऱ्याला देशभक्त ठरवून मोकळे होण्याचा मोह येथे होतो. पण त्या काळातील समाज अशा सरळ दोन भागांत विभागलेला नव्हता, हेच ही घटना दाखविते.

एकवीस नोव्हेंबर

आता आपण स्वातंत्र्योत्तर काळाकडे वळू. भाषावार प्रांतरचनेच्या प्रश्नासाठी १९५३ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १९५५ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने मराठी माणसाची निराशा केली. विदर्भ वेगळा आणि उरलेला मराठी मुलूख गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्यात, अशी शिफारस त्यात होती. नोव्हेंबरच्या प्रारंभी त्रिराज्य योजना पुढे आली. तिच्याप्रमाणे महाराष्ट्र एक, गुजरात दुसरे आणि मुंबई शहर तिसरे राज्य होणार होते. ज्या शहराच्या गिरण्या, गोद्या आणि रस्ते कोकण-देशावरच्या माणसांच्या घामावर उभे होते, ते शहरच त्यांच्या राज्याबाहेर राहणार होते.

२० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर मुख्यमंत्री मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची सभा झाली. तेथील भाषणांनी लोक अधिकच खवळले आणि सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, कामगारांनी संप पुकारून विधानसभेवर मोर्चा नेला. विधानसभा तेव्हा काळा घोड्याच्या पलीकडील जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. फ्लोरा फाउंटनपासून ती हाकेच्या अंतरावर. मोर्चा याच चौकात अडविला गेला आणि गोळीबार झाला. त्या दिवशी १५ माणसे मृत्युमुखी पडली.

१६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा पंडित नेहरूंनी केली. त्यानंतर जो उद्रेक झाला त्यात बळींची संख्या कितीतरी वाढली. तेव्हा रक्त सांडले ते या चौकापुरते नव्हते. गिरगाव, गिरणगाव आणि मुंबईबाहेरही माणसे पडली. फेब्रुवारीत पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट अशी एरव्ही एका पंगतीस न बसणारी मंडळी एका झेंड्याखाली आली. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने लढा वस्तीवस्तीत नेला. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नोव्हेंबर १९५६ मध्ये विशाल द्वैभाषिक अस्तित्वात आले आणि अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

नवे स्मारक, जुनी देवी

१९६१ मध्ये चौकात हुतात्मा स्मारक उभे राहिले आणि चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले. स्मारकावर शेतकरी आणि कामगार मशाल उंचावून उभे आहेत. 'हुतात्मा' हा शब्द सावरकरांनी मराठीत रूढ केला. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा, असा त्याचा अर्थ. आहुती म्हटली की अग्नी आला, तेव्हा स्मारकावर मशाल असावी यात औचित्य आहे. हुतात्म्यांची संख्या सामान्यतः १०५ अशी सांगितली जाते, पुढे आणखी नावे धरून १०६ आणि १०७ असेही आकडे दिले जातात.

या स्मारकाची मागील दोन शिल्पांशी तुलना करून पाहावी. कारंजावर देवी आहे, पुतळ्यात राणी होती. येथे मात्र कोणी नेता नाही, सेनापती नाही. ज्यांची नावे एरव्ही पोलिसांच्या नोंदवहीपलीकडे गेली नसती त्या सामान्यांसाठी हे स्मारक आहे.

दुसरी गोष्ट त्याहून विचार करण्याजोगी आहे. नवे स्मारक उभारताना फ्लोराला कोणी हात लावला नाही. परंतु १९६५ मध्ये शहरातील इंग्रज राज्यकर्त्यांचे पुतळे रस्त्यांवरून हलविण्यात आले. व्हिक्टोरिया राणी गेली, काळ्या घोड्यावर बसलेला राजपुत्र, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, तोही गेला. दोघांची रवानगी भायखळ्यास राणीच्या बागेच्या परिसरात झाली. ज्या बागेसाठी कारंजे घडविले होते त्या बागेत कारंजे कधीच गेले नाही आणि चौकातली राणी मात्र तेथे जाऊन पोहोचली. इतिहासही कधी कधी अशी अदलाबदल करतो!

राणी गेली आणि फ्लोरा राहिली, असे का झाले असावे? माझ्या मते याचे कारण त्या बदललेल्या नावात आहे. कारंजे गव्हर्नर फ्रिअरच्या नावाने उभे राहिले असते तर १९६५ मध्ये त्याच्यावरही तीच वेळ येण्याचा संभव होता. फ्लोराने कोणावर राज्य केले नाही, कोणाकडून मुजरा मागितला नाही. ट्रामची वाट पाहणाऱ्या कारकुनाची, पदपथावर जुनी पुस्तके चाळणाऱ्या विद्यार्थ्याची ती सोबतीण झाली. जे स्मारक लोकांना आपल्याभोवती जमू देते ते लोकांचे होते. जे केवळ मान वर करून पाहायला लावते ते राज्य बदलताच परके ठरते.

अर्थात जपलेल्या वस्तूचीही हेळसांड होऊ शकते. फ्लोरावर वर्षानुवर्षे रंगाचे थर चढविले गेले होते आणि पाणीही नीट चालत नव्हते. वास्तुसंवर्धनतज्ज्ञ विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली जीर्णोद्धार होऊन जानेवारी २०१९ मध्ये कारंजे पुन्हा सुरू झाले. हे काम चालू असता परिसरातील जमिनीखाली जुन्या ट्रामचे रूळ सापडले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली होती.

उपसंहार

दर वर्षी १ मे आणि २१ नोव्हेंबर या दिवशी हुतात्मा स्मारकाला पुष्पचक्र वाहिले जाते. ते उचितच आहे. पण चौथा प्रश्न येथे पुन्हा विचारावासा वाटतो. स्मारक आज कोठे आहे हे दिसतेच, पण ज्याचे स्मारक तो माणूस आज कोठे आहे? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे आणि मॉल उभे राहिले. ज्याने मुंबई मिळवून दिली त्या कामगाराच्या कित्येक मुलांना मुंबईत घर मिळणे दुरापास्त झाले. शिल्पातील कामगाराच्या हातची मशाल आजही उंच आहे, हे पाहून अभिमान वाटतो आणि मनाला टोचणीही लागते.

स्मारक उभारले की कर्तव्य संपले असे समाजाला वाटू लागते. वस्तुतः कर्तव्याची आठवण राहावी म्हणूनच ते उभारलेले असते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावात एखादा चौक आहे, त्यात एखादा पुतळा, स्तंभ किंवा निदान एखादी पुसट झालेली पाटी आहे. येत्या सुटीत वाचकांनी तिच्यापुढे घटकाभर उभे राहावे, वर सांगितलेले चार प्रश्न विचारावेत आणि गावातील वृद्धांना बोलते करावे. मुंबईच्या चौकावर पुष्कळांनी लिहिले आहे. आपल्या गावच्या चव्हाट्यावर लिहिणारे कोणी नसेल, तर ते काम आपलेच आहे.